हक्क मिळाल्यानंतरची चिकाटी
चिकाटी म्हणजे एकट्या माणसाची जिद्द, असं बरेचदा म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. आपल्या विदर्भातलंच मेंढा (लेखा) बघा, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं छोटंसं गोंड गाव. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध राहिला तरी पुन्हा बसायचं. जंगलात राहणाऱ्यांना जंगलावर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा. गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये. तरी ज्याशिवाय बांबू बाहेर नेऊन विकता येत नव्हता, तो वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. जिंकल्यावरही पुन्हा दार ठोठावत राहायचं, हीच वर्षं मला सगळ्यात कठीण वाटतात. आमच्याकडे संत्र्याची कलमं लावणाराही चार-पाच वर्षं थांबतो, पण त्याला निदान झाड वाढताना दिसतं.