एल्कसाठी रायफल: हलकी की वजनदार?

डोंगरवेडा (धागाकर्ता)

मागच्या ऑक्टोबरात कोलोरॅडोच्या फ्लॅट टॉप्समध्ये पाच दिवस एल्कच्या (सांबरासारखा, थोराड अमेरिकी प्राणी) मागे फिरलो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आमचा तंबू जवळपास त्याच्या दुप्पट उंचीवर. खांद्यावर मित्राची उसनी रायफल, दुर्बीण-पट्ट्यासकट सव्वाचार किलोची. तिसऱ्या दिवशी मी ती काठीसारखी टेकत चाललो होतो. नळीत बर्फ जाईल म्हणून मित्राने झाप झाप झापलं. एल्क दिसला नाहीच, सूचिपर्णी झाडांत फक्त त्यांचा उग्र वास आला.

या वर्षी स्वतःची घेतोय. बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची), .३०८ विंचेस्टर काडतुसाची, म्यूल डिअर हे हरीण आणि एल्क दोन्हींना एकच. डोळा किंबरच्या माउंटन असेंटवर आहे, नुसती रायफल जेमतेम २.२ किलो. वर साडेतीनशे ग्रॅमची साधी ३-९ पटींची दुर्बीण बसवली की तीन किलोच्या आत काम. माझं मत ठाम आहे: रायफल पाच दिवस वाहायची असते, झाडायची एकदा. कोणाला पटत नसेल तर सांगा.

नानाभाऊ डेन्व्हरकर

मला पटत नाही. एकदाच झाडायची ना? मग ती एकदा तरी नीट झाडता यायला हवी.

चढ चढून धापा टाकत आलात, एल्क अडीचशे यार्डांवर, दोन मिनिटांत झाडीत शिरणार. पाठपिशवीवर नळी टेकवून पालथे पडलात की काळजाच्या प्रत्येक ठोक्याला क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) उडतं. वजनदार रायफल ते थरथरणं पिऊन टाकते, हलकी नाचते. शिवाय धक्का. काडतूस तेच ठेवून रायफल आठ पौंडांवरून सहावर आणली, तर उलट येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. हे शाळेतलं गणित आहे, कंपनीची जाहिरात नव्हे.

माझी विंचेस्टर मॉडेल ७०, .३०-०६ काडतुसाची, दुर्बिणीसकट चार किलोला थोडी कमी. वीस हंगाम वाहिली. वजनच कमी करायचं तर बेल्टच्या वरचं करा, फुकट होतं.

डोंगरवेडा

बेल्टचा मुद्दा मान्य, बायकोला वाचून दाखवला.

पण नानाभाऊ, तुम्ही घोड्यावरून सामान नेता, आम्ही पाठीवरून. एल्क पडला तर प्रत्येक मांडीचे तीस-पस्तीस किलो वाहायचे, खेपांवर खेपा. तिथे किलोभराचा फरक खूप होतो. धक्क्याचं म्हणाल, तर शिकारीच्या क्षणी तो कोणाला जाणवतो?

मोंटानाची सून

शिकारीच्या क्षणी नाही जाणवत, दादा. सरावाच्या वेळी जाणवतो. तिथे लागलेली खोड शिकारीला सोबत येते.

मला सासऱ्यांनी पहिल्या वर्षी .३०० विंचेस्टर मॅग्नम या जबर काडतुसाची रायफल दिली होती. एल्कला 'दणका' हवा म्हणे. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत तिचा धक्का .३०८ च्या दीडपटीहून जास्त. दहा गोळ्यांत खांदा निळा पडला आणि मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. पुढच्या वर्षी ७ एमएम-०८ या सौम्य काडतुसाची घेतली, टिक्का कंपनीची टी३एक्स लाइट, पावणेतीन-तीन किलोच्या मधली. तीन एल्क पाडले, सगळे दोनशे यार्डांच्या आत. दस्ता लांब पडत होता, तो कापून बसवून घेतला. त्या फरकाबद्दल कोणी बोलतच नाही. खांद्यात न बसणारी रायफल कितीही किलोची असो, परकीच.

म्हणून आधी काडतूस ठरवा, मग वजन. तुम्ही दोघं उलट्या टोकाने सुरुवात करताय.

६.५ वाला

मग ६.५ क्रीडमूर का नाही? २००७ चं काडतूस, धक्का सौम्य, हलक्या रायफलीत चालतं. कोलोरॅडोच्या नियमात तर किमान .२४ इंच व्यास आणि एल्कला किमान ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) पसरणारी गोळीही चालते.

नानाभाऊ डेन्व्हरकर

नियम म्हणजे पास होण्याचे पस्तीस गुण. हरणाला ६.५ उत्तम. पण नर एल्क तीनशे किलोंचा, खांद्याचं हाड जाड. बरगड्यांमागे फुप्फुसात बसली तर ६.५ पुरते. थोडी पुढे सरकली तर रात्रभर टॉर्च घेऊन रक्त शोधत हिंडा. मी हिंडलोय, .२७० घेऊन. चूक काडतुसाची नव्हती, माझी होती, पण जड गोळीने ती थोडी झाकली असती.

तिखट मिसळ

इतके गुण सांगताय, मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. मुक्या जनावराला मारायचंच कशाला? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हे बंद झालं ते उगाच नाही.

मोंटानाची सून

प्रश्न रास्त आहे. पण तिथली आणि इथली गणितं वेगळी. इथे किती मारायचे ते राज्य ठरवतं, त्या हिशेबाने परवाने निघतात, खाण्याजोगं मांस टाकून दिलं तर गुन्हा. प्रत्येक रायफलीवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो, १९३७ च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांवर खर्च होतो. तरीही नको वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. माझी आईही फ्रीझर उघडत नाही.

तिखट मिसळ

आईंना माझा नमस्कार सांगा.

बे एरियाचा बंड्या

अवांतर: एच-१बी वर असताना रायफल बाळगता येते का?

डोंगरवेडा

एरवी नाही, पण अमेरिकेतला वैध शिकार परवाना असेल तर केंद्रीय कायद्यात सवलत आहे. राज्याचे नियम वेगळे पाहा. आणि १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर कोलोरॅडोत आधी शिकार-सुरक्षेचा कोर्स.

नानाभाऊ डेन्व्हरकर

डोंगरवेडा, एक प्रयोग करा. कोणाची तरी सहा पौंडी .३०८ रेंजवर न्या. मित्राला पाठमोरं राहून काडतुसं भरायला सांगा, मधेच एखादं नकली. तुम्हाला कळता कामा नये.

डोंगरवेडा (नऊ दिवसांनी)

केला. चौथं नकली होतं. चाप ओढला, नुसतं 'टक्', आणि नळी चांगली दोन बोटं खाली गेली. म्हणजे धक्क्याच्या धास्तीने मी आधीच दचकत होतो. मित्र इतका हसला की शेजारच्या बाकावरचे म्हातारे बघायला आले. सातवंही नकली होतं, तेव्हाही तेच.

मग सूनबाईंच्या जोडीची ७ एमएम-०८ टिक्का मागून घेतली. नकलीवर नळी हलली, पण नखभर. तीच घेतोय. दुर्बिणीसकट सव्वातीन किलो होईल. नानाभाऊ, तुमच्यापेक्षा अर्धा किलो तरी कमीच आहे, तेवढं मी सोडणार नाही.

नानाभाऊ डेन्व्हरकर

तो अर्धा किलो चकल्यांना ठेवा. आणि नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावा, काठीसारखी टेकणाऱ्यांना लागते.