क्वेरी 'रद्द', सत्र 'समाप्त'? डेटाबेस-देखरेखीच्या स्क्रीनवरचे शब्द

पाटीपेन्सिल
पोस्टग्रेस या डेटाबेसवर देखरेख ठेवणाऱ्या एका साधनाच्या नव्या आवृत्तीचे मराठीकरण चालू आहे. डॅशबोर्डवर सेशनची, म्हणजे डेटाबेसशी झालेल्या जोडण्यांची, यादी असते, आता तिच्यात प्रत्येक ओळीपुढे दोन बटणे आली आहेत: 'कॅन्सल क्वेरी' (क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा) आणि 'टर्मिनेट सेशन'. मसुद्यात 'क्वेरी रद्द करा' आणि 'सत्र समाप्त करा' असे होते. तपासणाऱ्याने दोन्ही परत पाठवले.

पहिल्यावर हरकत अशी की बटण दाबले की खात्री करून घेणारा चौकोन उघडतो. त्यात विचारलेले असते, 'क्वेरी रद्द करायची का?' आणि खाली पर्याय 'होय' व 'रद्द करा'. दुसऱ्या 'रद्द करा'ने काय रद्द होणार, क्वेरी की बेत? दुसऱ्यावर हरकत अशी की 'समाप्त' म्हणजे यथासांग संपलेले, आणि इथे तर मध्येच तोडायचे आहे.

त्याच स्क्रीनवर लॉक (एकाच डेटावर दोघांची कामे आदळू नयेत म्हणून डेटाबेस लावतो तो अटकाव), ब्लॉक्ड बाय, डेडलॉक, ब्लोट, वेट इव्हेंट, आयडल इन ट्रान्झॅक्शन हेही आहे. आधी बटणांबद्दल सांगा, बाकीचे जमेल तसे.

बाराबंदी
चौकोनाचे सोपे आहे. तिथे 'होय/रद्द' ही जोडी ठेवूच नका. 'क्वेरी थांबवा' आणि 'चालू राहू द्या' असे लिहा, म्हणजे प्रश्न न वाचता बटण दाबणाऱ्यालाही कळेल. रात्री कॉलवर असलेला माणूस प्रश्न वाचत नसतो.

'रद्द' मलाही खटकतो. सभा रद्द होते, परीक्षा रद्द होते, म्हणजे ती झालेलीच नसते. क्वेरी तर धावते आहे. या बटणामागे पीजी_कॅन्सल_बॅकएंड हे फंक्शन असते, ते सेशन चालवणाऱ्या प्रोसेसला सिगइंट हा सिग्नल पाठवते. दुसऱ्यामागे पीजी_टर्मिनेट_बॅकएंड, ते सिगटर्म पाठवते आणि जोडणीच तुटते. म्हणून पहिले 'थांबवा', दुसरे 'तोडा'.

घाटावरचा
'थांबवा' अजिबात नको. थांबवलेले पुन्हा सुरू करता येते असे वाचणाऱ्याला वाटेल. गाणे थांबवतो, डाउनलोड थांबवतो, ते तिथूनच पुढे चालते. ही क्वेरी परत पहिल्यापासून.

आणि 'रद्द' फक्त न झालेल्याला लागतो हे कुठले? परवाना चालू असतानाच रद्द होतो. खरेदीखतही झाल्यावरच रद्द होते. परिणाम बघा: पोस्टग्रेसमध्ये बिगिन म्हणून व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र बांधलेली विधाने) सुरू केला, पाच विधाने चालवली आणि सहावे कॅन्सल केले, तर आधीची पाचही गेली. पुढे काहीही पाठवा, 25पी02 हाच त्रुटी-कोड परत येतो. रोलबॅक (केलेले मागे घे) म्हणेपर्यंत सर्व्हर ऐकत नाही. याला रद्द नाही तर काय म्हणायचे? मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 'किल क्वेरी' म्हटले की तेवढे एक विधान मागे जाते, व्यवहार उघडाच राहतो. तिथे नुसते 'किल' म्हणाल तर मात्र अख्खी जोडणी जाते. त्यामुळे एकाच साधनात दोन्ही डेटाबेस असतील तर एका शब्दाने भागणार नाही.

मुद्देसूद
घाटावरचा यांच्या म्हणण्यात एक भर. सेव्हपॉइंट, म्हणजे व्यवहाराच्या मध्ये ठेवलेली परतीची खूण, असेल तर पोस्टग्रेसमध्येही सगळे जात नाही. सेव्हपॉइंटनंतरचे बाद होते, तिथवर रोलबॅक करून पुढे जाता येते. पण मग आधीच्या विधानांनी घेतलेली कुलुपेही (लॉक) तशीच राहतात. सेव्हपॉइंट नसेल तर व्यवहार बाद होतानाच कुलुपे सुटतात, सेशन मात्र जागेवर असते. 'कॅन्सल केले तरी बाकीचे अडकलेलेच आहेत' अशी तक्रार आली की आधी हे तपासावे. काही ड्रायव्हर (ॲपला डेटाबेसशी जोडणारे सॉफ्टवेअर) प्रत्येक विधानाआधी स्वतःच सेव्हपॉइंट टाकतात आणि ॲप लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

अनुस्वार
सगळे क्रियापदावर भांडताहेत, पण 'क्वेरी' कोणालाच टोचत नाही याचे नवल वाटते. 'पृच्छा' हा शब्द मराठीत आहे, वापरात आहे. सेशनला 'सत्र' घेतलेत ना, मग अर्धीच शुद्धी कशाला? टर्मिनेटला 'सत्रविच्छेद' म्हणा. नेमका आहे, 'समाप्त'सारखा मवाळ नाही.

तिरकस
सर्व्हर गुदमरलेला, फोन वाजतोय, आणि समोर बटण 'सत्रविच्छेद'. दाबण्याआधी पंचांग बघावे लागेल.

'सत्र'सुद्धा कुठे धुतल्या तांदळाचे आहे? मुळात तो लांबलचक सोमयाग, मग त्यातले अन्नदान, म्हणून अन्नसत्र, आणि त्याचेच लोकांनी अन्नछत्र केले. छत्रीशी त्याचा काही संबंध नाही. शेवटी ते विधिमंडळाचे आणि परीक्षेचे झाले. लोकांनी वापरून वापरून अर्थ बदलला, तसाच 'क्वेरी'लाही वापरून वापरून मराठी होऊ द्या.

अनुस्वार
अन्नछत्रातले छत्र म्हणजे आश्रय, छाया, असेही सांगतात. ते इतक्या ठामपणे मोडीत काढू नका. आणि वापराने अर्थ बदलणे वेगळे, शब्द उसना आणणे वेगळे.

तिरकस
उसन्याचे म्हणता तर 'रद्द' अरबी आहे. ज्या कुलुपांबद्दल वर बोलणे चालले आहे ते 'कुलूप'ही अरबी 'कुफ्ल'वरून आले, अक्षरांची अदलाबदल होऊन. बोला, आता लॉकला काय म्हणू?

अनुस्वार
'टाळे' म्हणा. तालक, टाळे. सरळ घरची वाट.

बाराबंदी
टाळे नको. टाळेबंदी म्हटले की 2020 आठवते, त्याआधीच्या लोकांना गिरण्या. शिवाय टाळेबंदी आणि ताळेबंद यांत गल्लत करणारे कमी नाहीत, आणि हा डेटाबेस हिशेबाचा असेल तर बघायलाच नको.

खरी अडचण वेगळी आहे. टाळे काय, कुलूप काय, ज्याने लावले त्याच्याकडे किल्ली आणि बाकीचे बाहेर. पोस्टग्रेसमध्ये टेबलावरच्या लॉकचे आठ प्रकार आहेत. साधा सिलेक्टसुद्धा, म्हणजे नुसती वाचणारी क्वेरी, ॲक्सेस शेअर हा लॉक घेते आणि असे शेकडो एकत्र नांदतात. ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह मात्र कोणाशीच जुळवून घेत नाही. सातबाऱ्यावरचा 'बोजा' याला जवळचा: एकाच जमिनीवर दोन-तीन बोजे असू शकतात, काही चालतात, काही व्यवहारच अडवतात.

घाटावरचा
बोजा म्हटले की लोक सर्व्हरवरचा भार समजतील. बाद.

मुद्देसूद
'ब्लॉक्ड बाय' या रकान्याचे भाषांतर करण्याआधी त्यात काय दिसते ते पाहायला हवे. ती यादी पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनमधून येते (पिड म्हणजे सेशनच्या प्रोसेसचा क्रमांक). लॉक हातात असलेली सेशन तिच्यात असतातच, पण रांगेत पुढे उभी असलेलीही असतात.

नेहमीचा प्रसंग असा. कोणाचा तरी अर्ध्या तासाचा अहवाल चालू आहे, त्याच्याकडे ॲक्सेस शेअर. त्यावर कोणीतरी ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी आज्ञा, सोडतो. त्याला ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह हवा, म्हणून तो थांबतो. आता त्याच्या मागून येणारा प्रत्येक साधा सिलेक्टही थांबतो, कारण रांगेत त्याच्यापुढे ऑल्टर उभा आहे. डॅशबोर्डवर त्या सिलेक्टांपुढे ऑल्टरचा पिड दिसतो. खरे तर ऑल्टरच्या हातात त्या टेबलाचा हवा असलेला लॉक आलेलाच नाही.

म्हणून 'कुलूप कोणाकडे' किंवा 'अडवणारा' हे दोन्ही फसवे. 'कोणामुळे खोळंबा' हे बरोबर बसते, खोळंबा करायला मालकी लागत नाही. आणि उपाय करायचा तर ऑल्टरवर करायचा: तो कॅन्सल केला की मागची रांग लगेच हलते, अहवालालाही धक्का लागत नाही. पुढच्या वेळी लॉक_टाइमआउट दोन-तीन सेकंद लावून ऑल्टर सोडावा, नाही मिळाला लॉक तर थोड्या वेळाने पुन्हा. थांबणे कधी सुरू झाले ते पीजी_लॉक्समधल्या वेटस्टार्ट रकान्यात सापडते, आवृत्ती 14 पासून.

पाटीपेन्सिल
'कोणामुळे खोळंबा' घेतला. मग डेडलॉकला 'महाखोळंबा' म्हणायचे, की 'कोंडी'?

बाराबंदी
दोन्ही नकोत. खोळंबा आणि डेडलॉक या दोन जाती आहेत, एकाचे मोठे रूप दुसरे नव्हे. वाहतूक कोंडी पुढची गाडी हलली की सुटते. डेडलॉक आपणहून सुटत नाही, कारण 'अ' 'ब'साठी थांबलाय आणि 'ब' 'अ'साठी. याला 'तिढा' म्हणा.

दुसरे म्हणजे तो तुमच्या यादीत सहसा दिसतच नाही. लॉकसाठी थांबलेले सेशन डेडलॉक_टाइमआउटएवढा वेळ, मूळ मूल्य 1 सेकंद, वाट बघते. मग कोण कोणासाठी थांबलेय याचा माग काढते. वर्तुळ सापडले तर स्वतःचा व्यवहार बाद करते, कोड 40पी01. डॅशबोर्ड ताजा होईपर्यंत सगळे आवरलेले असते. मागे उरतो तो पीजी_स्टॅट_डेटाबेसमधला आकडा आणि लॉगमधली नोंद. म्हणून तिथे 'तिढे (एकूण)' असा मोजणीचा मथळा हवा. 'डेडलॉक होऊन दहा मिनिटे झाली, काही हलत नाही' असे कोणी सांगितले तर समजावे की तो डेडलॉक नाही, साधा खोळंबा आहे.

अनुस्वार
'गतिरोध' काय वाईट होता?

तिरकस
तो रस्त्यावर असतो, रंग उडालेला.

अनुस्वार
तो गतिरोधक!

घाटावरचा
'आयडल इन ट्रान्झॅक्शन' राहिले. 'व्यवहारात निष्क्रिय' असे यंत्राने केलेले भाषांतर पाहिले आहे. वाचून वाटते, माणूस देण्याघेण्यात कच्चा आहे.

मुद्देसूद
मराठीत याला आयता शब्द आहे: 'स्वस्थ'. 'नुसता स्वस्थ बसलाय' मधला. 'व्यवहार उघडा, सेशन स्वस्थ'. हिंदी वाचणाऱ्याला ते निरोगी वाटेल, पण आपण मराठीत लिहितो आहोत.

बटणांशी याचा थेट संबंध आहे. स्वस्थ बसलेल्या सेशनवर पहिले बटण दाबून काहीच होत नाही, रद्द करायला क्वेरीच नसते. फंक्शन तरीही खरे असे उत्तर देते, कारण सिग्नल पोचलेला असतो. दाबणाऱ्याला वाटते काम झाले. या स्थितीत पहिले बटण फिके करून ठेवा, दुसरेच चालू ठेवा. त्या सेशनने आधी काही लिहिले असेल तर त्याची कुलुपे टिकून राहतात आणि त्याच्यानंतर बाद झालेल्या ओळी व्हॅक्यूमला, म्हणजे टेबल साफ करणाऱ्या कामाला, उचलता येत नाहीत. कायमचा बंदोबस्त आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट हा आहे. मूळ मूल्य शून्य, म्हणजे बंद.

तिरकस
व्हॅक्यूमचा विषय निघाला तर विचारतो, 'निर्वात करा' असे बटण कुठे छापून आले नाही ना?

पाटीपेन्सिल
यंत्राच्या मसुद्यात होते. काढले. सध्या 'झाडलोट' आहे. ब्लोटला, म्हणजे टेबलाने अडवलेल्या निरुपयोगी जागेला, 'सूज' सुचवलेय कोणीतरी.

बाराबंदी
'झाडलोट' छान. 'सूज' नको, सूज उतरते. साध्या व्हॅक्यूमने फाइल लहान होत नाही, आतली जागा फक्त पुन्हा वापरण्याजोगी होते. शेवटची पाने पूर्ण रिकामी निघाली तर तेवढी परत मिळतात, एरवी नाही. 'फुगवटा' ठेवा. 'व्हॅक्यूम फुल'ला वेगळाच शब्द द्या, 'पुनर्बांधणी' असा काहीतरी. तो टेबल नव्याने लिहितो, तेवढी जादा जागा डिस्कवर लागते, आणि काम संपेपर्यंत टेबल वाचताही येत नाही. 'पूर्ण झाडलोट' असे लिहिले तर कोणीतरी भर दुपारी चांगली झाडलोट होईल म्हणून दाबणार, हे नक्की.

आवृत्ती 18 चे नवे रकानेही घेणार असाल. पीजी_स्टॅट_ऑल_टेबल्समध्ये आता प्रत्येक टेबलाच्या झाडलोटीला लागलेला एकूण वेळ मिलिसेकंदांत येतो, हाताने केलेल्या आणि आपोआप झालेल्या झाडलोटीचा वेगवेगळा. मथळ्यात 'एकूण' हवाच, लोक शेवटच्या फेरीचा वेळ समजतात. यातला बराच वेळ मुद्दाम घेतलेल्या विश्रांतीचा असू शकतो. ती किती, हे पाहायचे तर ट्रॅक_कॉस्ट_डिले_टायमिंग चालू करावे लागते, मुळात ते बंद असते.

घाटावरचा
आपोआप झाडलोट कधी सुरू होते तेही टूलटिपमध्ये द्या. 50 अधिक एकूण ओळींचा पाचवा हिस्सा. 1 कोटी ओळींच्या टेबलात 20,00,050 बाद ओळी साठल्या की मग कुठे ती सुरू होते. 18 मध्ये याला 10 कोटींची वरची मर्यादा आली, पण तिचा उपयोग 50 कोटींच्या पुढच्या टेबलांनाच. बाकीच्यांनी तो पाचवा हिस्सा, म्हणजे 0.2 हा आकडा, त्या टेबलापुरता कमी करावा.

आणि यांना 'मृत ओळी' म्हणू नका. 'बाद' म्हणा.

अनुस्वार
'बाद' तरी कुठला मराठी!

पाटीपेन्सिल
वेट इव्हेंटच्या, म्हणजे सेशन कशासाठी थांबलेय ते सांगणाऱ्या, नावांचे काय करू? शेकडो आहेत.

मुद्देसूद
नावांना हात लावू नका. 'ट्रान्झॅक्शनआयडी', 'डब्ल्यूएएलराइट' ही नावे लोक जशीच्या तशी शोधतात. मराठी नाव टाकून शोधले तर दस्तऐवजात काही सापडणार नाही. आवृत्ती 17 पासून पीजी_वेट_इव्हेंट्स नावाचा व्ह्यू (तयार तक्ता) आहे, त्यात प्रत्येक नावापुढे वर्णन असते. ते वर्णन तेवढे मराठीत आणा. एलसी_मेसेजेस ही सेटिंग लावून सर्व्हरच्या चुकांचे संदेश दुसऱ्या भाषेत दाखवणे हाही असाच धोका. लॉगमधले इंग्रजी वाक्य पकडून इशारा देणारी स्क्रिप्ट तिथे गप्प बसते. इशारे 40पी01सारख्या कोडवर बांधावेत.

बाराबंदी
'कोणामुळे खोळंबा' या रकान्यात पिडबरोबर त्या सेशनची स्थितीही दाखवता आली तर बघा. तो स्वतः थांबलाय, धावतोय की स्वस्थ आहे, यावर कुठले बटण दाबायचे ते ठरते. नुसत्या पिडवरून लोक चुकीच्याला तोडतात.

घाटावरचा
तोडायचे तर ते या बटणांनीच. कोणी थेट सर्व्हरवर जाऊन किल उणे 9 (प्रोसेस जबरदस्तीने संपवणारी आज्ञा) मारला तर पोस्टग्रेस बाकीची सगळी सेशनही बंद करतो आणि क्रॅश रिकव्हरीत, म्हणजे कोसळल्यानंतरच्या सावरासावरीत, जातो. एक नको होता, सगळे गेले. मदतीच्या पानावर हे ठळक अक्षरांत टाका.

तिरकस
मुद्देसूद, तुम्ही वर 'कुलुपे' लिहिलेत. लाकूड-लाकडाला, बेरीज-बेरजेला, तसे कुलूप-कुलपाला, आणि अनेकवचन 'कुलपे'.

अनुस्वार
पहिले अक्षर ऱ्हस्व असेल तर तो नियम विकल्पाने लागतो. लाकूडमध्ये 'ला' आहे, कुलूपमध्ये 'कु' ऱ्हस्व. 'कुलुपे'ही बरोबर.

तिरकस
नियम कागदावर. बोलताना 'कुलपं'च ऐकू येते. किल्लीवाल्याला विचारा.