सोलर आणि पंपाची वेळ

सचिव: गच्चीवरच्या सोलरचा विषय रविवारच्या मीटिंगला घेतोय. पीएम सूर्यघर योजनेत लिफ्ट, पंप अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. शंका इथेच विचारा.

ए-३०१: अख्खा देश सोलर-पवनवर नेणार म्हणतात. ढग आले की काय करायचं? आणि रात्री?

बी-४०२: ताई, ढगांचं एवढं नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिण जोडली, तेव्हापासून देशाचा ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, एकच आहे. इथे पाऊस असला तरी राजस्थानात ऊन असतं, शिवाय पावसाळ्यात पवनचक्क्या जोरात चालतात. खरी कसोटी संध्याकाळची. सोलर उतरतं आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, एसी लागतात. मागणी-पुरवठ्याचा मेळ बसला तरच ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेच्या लहरींचा सेकंदाचा वेग) ५० हर्ट्झच्या आसपास राहते; ती राखायची तर तेवढी वीज तास-दोन तासांत दुसरीकडून उभी करावी लागते. कोळशाचा संच असा झटपट वर-खाली होत नाही, पाण्याचा होतो. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता सगळ्यांनी दिवे मालवले, मागणी ३१,००० मेगावॅटने पडली. तो धक्का मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी पेलला. मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं.

सी-१०२: मग काका, कोयना आहे की आपली.

बी-४०२: आहे, १९६० मेगावॅटची. पण तिची वीज मुख्यतः पाणी पश्चिमेला सोडून होते, आणि ते किती सोडायचं हे कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलंय. म्हणून घाटघरसारखे प्रकल्प वाढायला हवेत. तिथे १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. वीज मुबलक असताना खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडायचं. चढवायला लागते त्यातली साधारण पाऊण वीज परत मिळते.

ए-२०४: त्यापेक्षा बॅटऱ्या लावा ना.

बी-४०२: त्याही हव्यातच, दोन-चार तासांसाठी उत्तम. पण आधी फुकट होण्यासारखं करू. आपला पंप संध्याकाळी ७ ला लागतो, विजेची मागणी सर्वांत जास्त असते तेव्हाच. दुपारी १ ला का नाही? टाकी काही रात्री वेगळी भरत नाही. गाड्यांचं चार्जिंगही शक्य त्यांनी दुपारी करावं.

डी-५०३: संध्याकाळी पाण्याचा प्रेशर कमी झाला तर? आमचा वरचा मजला आहे.

बी-४०२: दुपारी टाकी पूर्ण भरली तर अडचण येऊ नये. तरी आठवडाभर पातळी बघू, कमी पडलं तर रात्री ११ नंतर थोडा वेळ लावू.

सचिव: ठीक. वॉचमनला सांगतो, सोमवारपासून १ वाजता. डी-५०३, पाणी कमी आलं तर मला लगेच फोन करा.