साखरेसोबत मीठही लागतं

वर एकांनी लिहिलंय की पाणी कमी पडलेल्या पक्ष्याला नुसतं साखरेचं पाणी पुरे. मला हे पटत नाही. आतड्यातलं वाहक प्रथिन ग्लुकोजचा एक रेणू आत नेतं तेव्हा मिठातल्या सोडियमचे दोन आयनही नेतं, आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. साखर जास्त झाली, तर ती आतड्यातच राहून उलट पाणी खेचते.

पक्ष्यांची तर आणखी कमाल! मूत्र अवस्करात, म्हणजे मूत्र आणि विष्ठा दोन्ही जिथे येतात त्या शेवटच्या पोकळीत, उतरतं आणि तिथून मोठ्या आतड्यात मागे ढकललं जातं. मीठ-पाणी तिथे पुन्हा शोषलं जातं. कोंबडीच्या खाण्यात मीठ कमी असेल तर अल्डोस्टेरोन हे मीठ राखणारं संप्रेरक वाढतं आणि तिथल्या पेशींमधल्या सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सोडियम आत घेणारी बारीक दारं, उघडतात. मीठ भरपूर असेल तर त्या मिटतात, आणि मोठं आतडं सोडियम घेतं ते साखर आणि अमिनो आम्लांच्या जोडीनं. म्हणजे तहानलेल्या पक्ष्याचं आतडं कसं वागेल, हे त्याच्या अंगात मीठ किती आहे यावरही ठरतं.

विष्ठा जरा निरखून पाहा. पांढरा भाग युरिक आम्लाचा. त्याभोवतीचं पाणचट वलय दिसेनासं झालं, तर पाणी कमी पडतंय असं समजा. आणि कृपा करून चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.