भाड्याचा सेटटॉप बॉक्स बिघडला, कंपनी म्हणते नवा घ्या. सल्ला हवा आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. आईबाबा गावी, संगमेश्वर तालुक्यात असतात, मी ठाण्यात. घरी डीटीएच आहे, कनेक्शन बाबांच्या नावावर. परवा विजा कडाडून पाऊस झाला, तेव्हापासून बॉक्स बंद आहे. लाल दिवा कधी लागतो, कधी लागतच नाही. कस्टमर केअर म्हणतं, वॉरंटी संपली, दुरुस्ती होणार नाही. नवा एचडी बॉक्स सवलतीत देतो, सहा महिन्यांचा पॅक एकदम भरा, आता ओटीपी येईल तो सांगा.
बाबांचं म्हणणं वेगळंच. बसवणाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं की बॉक्स कंपनीचा आहे, तुम्हाला फक्त वापरायला. मग कंपनीच्या वस्तूची वॉरंटी आपल्याला कशी लागू होते?
ओटीपी दिलेला नाही. गावात फायबर नाही, मोबाइलला रेंज अंगणात जाऊन मिळते. आईची दुपार टीव्हीवरच जाते. योग्य तेवढे पैसे भरायला आमची ना नाही, पण उगाच का भरायचे?

धनेश_
ओटीपी अजिबात देऊ नका. तो दिला की तुम्ही नवी योजना मान्य केली असं त्यांच्या नोंदीत जातं, आणि मग तुमची बिघाडाची तक्रार कुठे राहत नाही. पुन्हा फोन करा आणि एवढंच म्हणा, "बॉक्स चालत नाही, दुरुस्तीची तक्रार नोंदवा, नंबर द्या." नव्या बॉक्सचा विषय काढू लागले तर "तो नंतर" म्हणा. तक्रार क्रमांकाशिवाय फोन ठेवू नका.

छत्रीवाला_चिपळूण
ताई, या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून सांगतो. बॉक्स गेला असं ठरवण्याआधी तीन गोष्टी बघायला सांगा.
पहिला अडॅप्टर. विजेचा दणका बसला की आधी बहुधा तोच जातो. बहुतेक बॉक्सना १२ व्होल्टचा लागतो. बॉक्सच्या मागे किती व्होल्ट, किती अँपिअर ते लिहिलेलं असतं, तसाच दुसरा लावून बघा. दिवा लागतो-विझतो म्हणताय, त्यावरून माझा पहिला संशय अडॅप्टरवरच आहे.
दुसरी केबल. बॉक्स केबलमधूनच वर एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, त्यावर कुठले चॅनल उचलायचे ते ठरतं. कनेक्टरात पाणी शिरलं की हे व्होल्टेज पडतं आणि अर्धे चॅनल दिसतात, अर्धे जातात. आपल्याकडे कौलावरून उतरणाऱ्या केबलीत हे नेहमीचं आहे. कनेक्टर उघडून बघा. आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावायचा, काम दहा मिनिटांचं.
तिसरी आणि पक्की परीक्षा म्हणजे तुमचा बॉक्स, अडॅप्टरसकट, त्याच कंपनीची डिश असलेल्या शेजाऱ्याकडे नेऊन लावा. बॉक्समध्ये घातलेलं नुसतं कार्ड नेऊ नका. कार्ड आणि बॉक्स यांची जोडी कंपनीने बांधलेली असते, दुसऱ्याच्या बॉक्समध्ये ते चालत नाही. शेजाऱ्याकडेही मेलेलाच राहिला तर बॉक्स गेला. तिथे चालला तर दोष तुमच्या छत्रीत नाहीतर केबलीत.
आणि बॉक्स स्वतः उघडू नका, गावच्या रेडिओवाल्याकडेही देऊ नका. मागचं सील तुटलं की कंपनी हात वर करते.

सुमेधा_सांगली
बाबांचं म्हणणं कागदावर आहे का, हे सगळ्यात आधी शोधा. कनेक्शन घेताना ग्राहक अर्ज भरतात, त्याची प्रत ग्राहकाला मिळायला हवी. त्यात बॉक्स विकत दिला की भाड्याने की नुसता वापरायला सोपवला, ते लिहिलेलं असतं. खूप जणांना वाटतं आपण हजार-दीड हजार भरले म्हणजे बॉक्स आपला. पावती मात्र 'ॲक्टिव्हेशन'ची असते आणि मालकी कंपनीचीच राहते.
यावर सगळं अवलंबून आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१७ च्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत विकत घेतलेल्या बॉक्सला किमान एक वर्षाची वॉरंटी आहे, त्यानंतरचा खर्च आपला. पण भाड्याच्या बॉक्सची देखभाल कंपनीनेच करायची. अपवाद एकच, तुम्ही तो फोडला किंवा त्यात छेडछाड केली असेल तर. म्हणजे बॉक्स भाड्याचा असेल तर "वॉरंटी संपली" हे उत्तर लागूच होत नाही.
अर्ज सापडला नाही तर रिचार्जच्या मेसेजमधून ग्राहक क्रमांक घेऊन कंपनीकडे लेखी विचारा, ईमेलवरच.

ऑस्टिनकर
इथे अमेरिकेत हाच वाद मोठ्या प्रमाणावर झाला, म्हणून लिहितो. डायरेक्टीव्ही या इथल्या डीटीएच कंपनीने २००६ पासून बॉक्स विकण्याऐवजी लीजवर, म्हणजे भाड्याने, द्यायला सुरुवात केली. पुढे तक्रारी आल्या की बिघडलेला लीजचा बॉक्स बदलून घेतला की ग्राहकाला न सांगता करार पुन्हा सुरू होतो, आणि मधेच सोडलं तर दंड. २०१० च्या अखेरीस ४९ राज्यांच्या ॲटर्नी जनरलांबरोबर (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) तडजोड झाली, कंपनीने सव्वा कोटी डॉलरहून जास्त भरले, आणि नुसता नादुरुस्त बॉक्स बदलताना नवा करार लादायचा नाही हेही मान्य केलं.
ती तडजोड भारतात लागू नाही हे उघड आहे. पण मागणी तीच करा. बिघडलेल्याच्या जागी चालणारा बॉक्स द्या, माझा पॅक आणि माझ्या अटी आहेत तशाच ठेवा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. आज बाबांनी शेजारच्या काकांकडे बॉक्स नेला. काकांच्या अडॅप्टरवरही दिवा लागत नाही, म्हणजे बॉक्सच गेलाय. आणि कागद सापडला! बाबांनी शिधापत्रिकेच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्यात "उपकरणाची मालकी कंपनीकडे राहील" असं स्पष्ट आहे आणि ५०० रुपये परत मिळण्याजोगं डिपॉझिटही लिहिलंय. आता तक्रार कशी लिहू?

सुमेधा_सांगली
बाबांना सांगा, शाब्बास! हा कागद हातात असल्यावर भांडावं लागत नाही.
लांबण लावू नका, असं लिहा: "ग्राहक क्रमांक अमुक. अर्जानुसार बॉक्स कंपनीच्या मालकीचा आहे. तो विजेच्या पावसानंतर बंद पडला, दुसऱ्या अडॅप्टरवर आणि दुसऱ्या डिशवर तपासला, तरी चालू होत नाही. सील शाबूत आहे. विनाशुल्क बदलून द्यावा. मला नवी योजना किंवा आगाऊ पॅक नको." सोबत कागदाचा आणि सीलचा फोटो.
कस्टमर केअरने दाद दिली नाही तर नोडल अधिकारी, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणारा कंपनीचाच वरचा अधिकारी. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांसाठीच्या पानावर असतो. तिथेही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. ट्रायकडे धावू नका, ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बाबांना रत्नागिरी. एवढ्या छोट्या रकमेला फी नाही. पण इतक्या लांब जायची वेळ बहुतेक येणार नाही.

कातळशिल्प
कंपनी बदलण्याबद्दल कोणी बोललं नाही. आईच्या ठरलेल्या मालिका असतील तर आत्ता बदलू नका. फक्त बातम्या आणि सह्याद्री पुरत असेल तर डीडी फ्री डिश आहे, महिन्याचा खर्च शून्य. त्याची छत्री जीसॅट-१५ या उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला वळवावी लागते आणि बॉक्स स्वतःचा घ्यावा लागतो. पैसे देऊन बघतो त्या वाहिन्यांपैकी बऱ्याच तिथे नाहीत, हे आईंना आधी सांगा, नाहीतर घरात रोज कटकट.

रानजाई
नोडल अधिकाऱ्याला ईमेल गेल्यावर फोन आला. उद्या माणूस बॉक्स घेऊन येतोय, पैसे नाहीत. बाबांनी काय बघून घ्यावं?

छत्रीवाला_चिपळूण
बदली बॉक्स बहुतेक वेळा दुरुस्त केलेला असतो, त्याला हरकत नाही, पण समोर लावून घ्या. जुन्या आणि नव्या, दोन्ही बॉक्सचे नंबर लिहून घ्या आणि जुना परत घेतल्याची सही असलेली पावती मागा. ती नसेल तर उद्या डिपॉझिट परत मागताना "जुना बॉक्स दिलाच नाही" असं म्हणतील. तो माणूस जायच्या आत सगळे चॅनल एकदा फिरवून बघा, खास करून जे आधी अर्धवट दिसायचे ते. ओटीपी मागितला तर मेसेज पूर्ण वाचा. बॉक्स बदलल्याचा असेल तरच द्या, त्यात पॅकचं किंवा अपग्रेडचं नाव असेल तर देऊ नका. आणि यापुढे आभाळ गडगडलं की प्लग काढा, बॉक्समागची डिशची केबलही सोडवून ठेवा. वीज त्या वाटेनेही आत येते.