गुरुवारची पाऊण तासाची झटापट: स्कॉटलंडच्या संसदेतला प्रश्नोत्तराचा तास कामाचा की दिखाव्याचा?

लीथकर
थेट मुद्द्यावर येतो. एडिनबराच्या होलीरूडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेत, दर गुरुवारी दुपारी १२ वाजता फर्स्ट मिनिस्टरना (तिथल्या सरकारचे प्रमुख) सदस्य प्रश्न विचारतात. २०१६ पर्यंत अर्धा तास चालायचं, तेव्हापासून ४५ मिनिटं. वेळ दीडपट झाली, माहितीत काडीची भर पडली नाही. माझ्या मते हा प्रकार उद्या बंद केला तरी सरकारच्या एकाही निर्णयावर ओरखडा उठणार नाही.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: १२९ सदस्यांची ही संसद वेस्टमिन्स्टरच्या (लंडनमधल्या ब्रिटिश संसदेच्या) १९९८ च्या कायद्याने मिळालेल्या अधिकारांवर चालते. आरोग्य, शिक्षण, पोलीस, बेटांच्या बोटी होलीरूडकडे. संरक्षण, परराष्ट्र, इमिग्रेशन लंडनकडे.

आता गुरुवारचा साचा बघा. विरोधी नेता विचारतो, ‘इमर्जन्सीत लोक बारा-बारा तास ताटकळतात, सरकार काय करतंय?’ उत्तर ठरलेलं. आधी त्या रुग्णाबद्दल खेद, मग आरोग्यावर किती पौंड वाढवले तो आकडा, शेवटी लंडनने निधी कापला ही तक्रार. उपप्रश्न झाले की पुन्हा तेच, फक्त आवाज चढलेला. पीठासीन अधिकारी शिस्त लावतात, पण उत्तरात काय आहे ती आपली जबाबदारी नाही हे त्यांनी सभागृहाला कितीदा बजावलंय. म्हणजे उत्तर द्यायला लावणारं तिथे कोणीच नाही.

खरी चौकशी लेखी प्रश्नात. साधारण १० कामकाजी दिवसांत उत्तर यावं लागतं, सुटीच्या काळात २०. तिथे टाळ्या नाहीत, म्हणून कुणी पाहत नाही.

अंशतः_खरे
‘काय करतंय’ असं विचारलं की भाषणच मिळणार, मग प्रश्न तोंडी असो की लेखी. दोष तासाचा नाही, प्रश्न विचारणाऱ्याचा.

आणि लेखी प्रश्नाचं एवढं कौतुक नको. तिथल्या पळवाटा आपल्याकडच्या ‘प्रश्न उद्भवत नाही’ला लाजवतील. पहिली, ‘ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.’ आरोग्याचा कारभार १४ प्रादेशिक मंडळांत वाटलेला, त्यामुळे हे वाक्य हमखास येतं. दुसरी, ‘हा कॅलमॅकचा (बेटांच्या बोटी चालवणारी सरकारी कंपनी) कामकाजाचा विषय आहे, त्यांच्या मुख्याधिकाऱ्यांना सदस्यांना लिहिण्यास सांगितलं आहे.’ ते पत्र सदस्याच्या हातात पडतं, प्रकाशित उत्तरात त्यातलं अवाक्षर नसतं. तिसरी म्हणजे तात्पुरतं उत्तर: दहावा दिवस उजाडला की ‘शक्य तितक्या लवकर कळवू’. मुदत पाळल्यासारखं होतं आणि माहिती महिनाभराने.

क्लाइडकाठची
बोटींचं प्रकरण समोर ठेवल्याशिवाय ही चर्चा हवेतच राहील.

ऑक्टोबर २०१५. पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन यार्डला दोन बोटींचं कंत्राट, ९.७ कोटी पौंडांना, २०१८ मध्ये मिळणार म्हणून. जहाज बांधताना खरेदीदार टप्प्याटप्प्याने पैसे देतो. यार्ड बुडालं तर ते परत मिळावेत म्हणून पूर्ण परताव्याची हमी घेतात. आपल्याकडे ठेकेदाराची बँक गॅरंटी असते, तसंच. इथे ती पूर्ण हमी नव्हती. बोटींची मालक असलेल्या सीमॅल या सरकारी कंपनीने धोका कळवला होता, तरी कंत्राट दिलं गेलं. २०१९ मध्ये यार्ड दिवाळखोरीत गेलं आणि सरकारनेच ते विकत घेतलं. दोनपैकी पहिली, ‘ग्लेन सॅनॉक्स’, प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. दोन्ही बोटींचा मिळून खर्च मूळ किमतीच्या चौपटीवर. (नोव्हेंबर २०१७ मध्ये हीच बोट थाटात पाण्यात सोडली तेव्हा तिच्या खिडक्या रंगवलेल्या होत्या. काच नाही, रंग.)

आता प्रश्न एकच: हमीशिवाय पुढे जा, हे कोणत्या मंत्र्याने ठरवलं? मार्च २०२२ मध्ये ऑडिट स्कॉटलंड या सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने लिहिलं की या निर्णयाचं कारण सांगणारा पुरेसा कागद नाही. त्यानंतर हा विषय सभागृहात लावून धरला गेला. मे महिन्यात ९ ऑक्टोबर २०१५ चा ई-मेल ‘सापडला’, त्यात तेव्हाचे परिवहनमंत्री डेरेक मॅके यांची संमती. सात वर्षं न मिळालेला कागद दोन महिन्यांत कसा मिळाला? कारण सरकारला उभं राहून, कॅमेऱ्यासमोर, ‘कागद नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारावं लागत होतं. लेखी उत्तरात तेच वाक्य दहा वर्षं खपलं असतं.

लीथकर
क्लाइडकाठची, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं. कागद नसल्याचं शोधलं कोणी? लेखापरीक्षकांनी. मॅके यांना सप्टेंबर २०२२ मध्ये समोर बसवून विचारलं कोणी? संसदेच्या पब्लिक ऑडिट समितीने. समितीत एकच सदस्य सलग विचारू शकतो, हातात कागद असतो, तारखांवर बोट ठेवता येतं. गुरुवारी मात्र दोन-तीन उपप्रश्नांत खेळ आटोपला.

उपप्रश्न
समित्यांवर फार भिस्त ठेवू नका. माजी फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांचं प्रकरण आठवा. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी सरकारने ज्या पद्धतीने केली, तिला त्यांनी कोर्टात आव्हान दिलं. जानेवारी २०१९ मध्ये सरकारने माघार घेतली आणि त्यांच्या कोर्टखर्चापोटी ५ लाख १२ हजार २५० पौंड मोजले. मग समिती बसली. तिला हवा होता सरकारला मिळालेला कायदेशीर सल्ला. नोव्हेंबर २०२० मध्ये संसदेने तो सल्ला द्या असं दोनदा बहुमताने ठरवलं. सरकारने दोन्ही ठराव बाजूला सारले.

तो बाहेर आला मार्च २०२१ मध्ये, तेव्हाचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांच्यावर अविश्वास ठराव दाखल झाल्यावर. तोंडी प्रश्न नाही, लेखी नाही, समिती नाही, बहुमताचा ठराव नाही. खुर्ची हलली तेव्हाच. आणि अहवालाच्या वेळी तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी समितीची दिशाभूल केली का, यावर समिती ५ विरुद्ध ४ अशी फुटली. पक्षनिहाय. तुमचा ‘हातात कागद’ तिथे कुठे गेला?

क्लाइडकाठची
हे मान्य. पण खुर्ची हलवायची ताकद येते कुठून? गुरुवारच्याच वातावरणातून. तेव्हाचे आरोग्यमंत्री मायकल मॅथेसन घ्या. मोरोक्कोत आयपॅडचं रोमिंग बिल जवळपास ११ हजार पौंड, आणि सुरुवातीला सांगितलं गेलं की वापर कामासाठीच होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रश्नांचा मारा वाढला तेव्हा सभागृहात उभं राहून मुलांनी फुटबॉल पाहिल्याचं कबूल करावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिपद गेलं, मे महिन्यात संसदेतून २७ बैठक-दिवसांचं निलंबन. २०१२ मध्ये, फर्स्ट मिनिस्टर असताना, स्वतः सॅमंडनी कॉलेजांचा निधी वाढल्याचं सांगितलं, तो प्रत्यक्षात घटला होता. त्याच दिवशी सभागृहात परत येऊन माफी मागावी लागली. लेखी उत्तर चुकलं असतं तर दुरुस्तीची एक ओळ छापून भागलं असतं.

अंशतः_खरे
मॅथेसन काय, रोमिंग बिल काय, हे व्यक्तीचं लफडं झालं. धाग्याचा विषय धोरणाची विचारणा आहे.

नागपूर-मुंबईची सवय असलेल्यांना एक फरक लगेच दिसेल. आपल्याकडे तारांकित प्रश्न ‘हे खरे आहे काय? असल्यास...’ असा तुकड्यातुकड्यांत असतो आणि छापील उत्तर प्रत्येक तुकड्याला वेगळं द्यावं लागतं. ‘होय.’ ‘अंशतः खरे आहे.’ रूक्ष आहे, पण खोटं बोललं तर नेमकं कुठे ते दाखवता येतं. होलीरूडच्या तोंडी प्रश्नात हे तुकडे नसतात. एक ओळ विचारा, परिच्छेदभर ऐका. शिवाय मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठलाग करायला आपल्याकडे आश्वासन समिती आहे. ती किती चालते हा वेगळा विषय, पण होलीरूडमध्ये त्या कामासाठी वेगळी समितीच नाही. फर्स्ट मिनिस्टर म्हणाले ‘मी यात लक्ष घालतो’, तर लक्ष घातलं की नाही हे पाहण्याचं काम त्या सदस्याचंच.

लीथकर
तुकड्यांचा मुद्दा पटला. तेच तंत्र लेखी प्रश्नात वापरता येतं. जे बहुतेक सदस्य करत नाहीत ते असं:

‘मंत्र्यांना याची कल्पना होती का’ असं विचारू नका. ‘अमुक विषयावरचं टिपण कोणत्या तारखेला कोणत्या मंत्र्याकडे पाठवलं’ असं विचारा. तारखेला मत नसतं. एका प्रश्नात एकच गोष्ट. चार कोंबल्या की त्यातली सोयीची एक उचलून उत्तर येतं. प्रश्नात टोमणा नको, मत असलेला प्रश्न दाखलच होत नाही. लंडनच्या अखत्यारीतलं विचारलं तरी तेच. ‘केंद्रीय पातळीवर माहिती नाही’ आलं की पुढचा प्रश्न: ‘मंडळांकडून ही माहिती कधी मागवली, मागवली नसल्यास का नाही?’ आणि त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज थेट चौदाही मंडळांना. मुदत २० कामकाजी दिवस. चौदांपैकी नऊ उत्तरं आली तरी ‘माहिती नाही’ हे वाक्य मोडलं.

उपप्रश्न
आणि ती नऊ उत्तरं घेऊन कुठे जाणार? वर्तमानपत्र एक दिवस छापेल. मंत्र्याला तोंडावर विचारायला शेवटी गुरुवारच लागणार ना?

लीथकर
लागेल. पण मग त्या दिवशी प्रश्न ‘सरकार काय करतंय’ असा नसावा. ‘३ तारखेला तुम्ही लेखी कळवलंत की माहिती नाही, ती या नऊ मंडळांकडे आहे. आधीचं उत्तर दुरुस्त करणार का?’ याचं उत्तर हो किंवा नाही. असा प्रश्न वर्षात किती गुरुवारी ऐकू येतो, मोजून सांगा.

क्लाइडकाठची
कमी येतो. कारण पक्षाच्या माध्यम विभागाला संध्याकाळच्या बातमीसाठी वीस सेकंदांची क्लिप हवी असते, आणि तारखेचा प्रश्न वीस सेकंदांत मावत नाही. तो तास बंद केलात तर क्लिप दुसरीकडे बनेल. तारखेचा प्रश्न विचारायची एकमेव सार्वजनिक जागा मात्र जाईल.