कलम २४७: कपाटाचं कुलूप आणि फोनचा पासवर्ड
(२०२५ च्या पूर्वार्धातला धागा, विधेयक प्रवर समितीपुढे होतं तेव्हाचा. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सुधारित विधेयकाचा कायदा झाला.)

खतावणी (धागाकर्ता)
नवं प्राप्तिकर विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ ला लोकसभेत मांडलं गेलं, आता ते खासदारांच्या प्रवर समितीपुढे छाननीला आहे. ५३६ कलमांपैकी मला खुपतंय ते २४७. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम १३२ नुसार छाप्यात किल्ली मिळाली नाही, तर अधिकारी दार, तिजोरी, कपाट फोडू शकतात. नव्या मसुद्यात त्याच ओळीत संगणक आणि 'आभासी डिजिटल अवकाश' येऊन बसलंय: ईमेल, समाजमाध्यमं, बँक आणि ट्रेडिंगची खाती, क्लाउड. पासवर्ड मिळाला नाही तर तो डावलून आत शिरायचं.

कपाटात पैसा, दागिने, वह्या असतात. फोनमध्ये डॉक्टरांचे रिपोर्ट, नवरा-बायकोचं भांडण, वकिलाला विचारलेला सल्ला. दोन्हींना एकच माप?

पाठपुरावा
असहमत. कपाटात वह्या उरल्यात कुठे? कच्च्या चिठ्ठ्या व्हॉट्सॲपवर फिरतात, 'दोन नंबर'चं खातं क्लाउडवर असतं. व्हॉट्सॲपचे संदेश आणि गूगल मॅप्सच्या नोंदींवरून बेहिशेबी पैसा सापडल्याचं अर्थमंत्र्यांनी मार्चमध्ये संसदेत सांगितलं. पगारदाराचा टीडीएस हातात पगार पडायच्या आधीच कापला जातो. ज्याला लपवायला जागा आहे, त्याला वर कुलूपही आपणच घेऊन द्यायचं का?

खतावणी
सापडला तो आजच्याच कायद्याने ना? मग नवा अधिकार कशाला?

पाठपुरावा
कारण समोरचा 'पासवर्ड विसरलो' म्हणाला की बसा हात चोळत. इलेक्ट्रॉनिक हिशेब उघडून दाखवायचं बंधन २००२ पासून आहे, न दाखवल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीही आहे. पण खटला उभा राहीपर्यंत पैसा चार हात पुढे गेलेला असतो. आणि हा अधिकार छाप्यापुरता आहे, रिटर्नच्या साध्या छाननीत कोणी तुमचा फोन मागणार नाही.

सनदी
छापे पडून गेल्यावर कागदांचे गठ्ठे माझ्यासारख्या सनदी लेखापालांच्या टेबलावर येतात, म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही फोनमध्ये अडकलात. मेख वेगळीच आहे.

छाप्याचं वॉरंट न्यायाधीश देत नाही. खात्यातलाच वरिष्ठ 'विश्वास ठेवण्यास कारण आहे' असं लिहून सही करतो. २०१७ च्या वित्त कायद्याने हे कारण कोणालाही, अपिलीय न्यायाधिकरणालासुद्धा, दाखवायचं नाही असं ठरवलं, तेही थेट १९६२ पासून पूर्वलक्षी! रिट याचिका केलीत तर उच्च न्यायालय फाइल मागवू शकतं, एवढीच फट. नव्या विधेयकातही तरतूद तीच आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा पूरनमल निकाल: झडती बेकायदा ठरली तरी मिळालेला पुरावा वापरता येतो. म्हणजे चुकीच्या घरात शिरलात तरी खात्याचं काही जात नाही.

कपाटापुरतं हे खपून गेलं. फोनची मात्र अख्खी प्रत काढून नेतात. त्यातलं करासंबंधी काय ठेवायचं आणि बाकीचं कधी पुसायचं, यावर २४७ गप्प आहे.

चौकस
अमेरिकेत आयआरएसच्या (तिथल्या कर खात्याच्या) गुन्हे तपासवाल्यांना झडतीसाठी न्यायालयाकडून वॉरंट घ्यावं लागतं. तेवढं इथे आणा, वाद मिटेल.

पाठपुरावा
इथे सकाळी अर्ज केलात तर संध्याकाळी तारीख मिळेल. तोवर चॅट पुसून चहाही पिऊन होईल त्याचा. मात्र सनदींचं एक पटतं. खबऱ्याचं नाव झाकून छाप्यानंतर कारण द्यायला हरकत नसावी.

खतावणी
२०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि कारण लपवायची तरतूदही त्याच वर्षातली. हे मला आत्ता उमगलं. धाग्याला नाव चुकीचं दिलं बहुतेक.

सनदी
मग समितीला तेवढंच लिहून पाठवा.

पाठपुरावा
मीही पाठवतो. पण माझ्या पत्रात २४७ ला पाठिंबा असेल, आधीच सांगून ठेवतो.